उडीची किंमत आणि उडीची जागा

२६ फेब्रुवारी २०१० च्या सकाळी, व्हँकुव्हरमध्ये अजून आदल्या दिवसाची रात्र होती तेव्हा, माझ्यात आणि माझ्या धाकट्या भावात एक भांडण सुरू झालं. ऑलिंपिकमधल्या महिलांच्या फिगर स्केटिंगची ती अंतिम फेरी होती. आधी कोरियाची किम यूना बर्फावर आली, तिच्या पाठोपाठ जपानची माओ असादा. दोघी एकोणीस वर्षांच्या, एकाच सप्टेंबर महिन्यात जन्मलेल्या. किम जिंकली, माओ दुसरी आली. भाऊ म्हणाला, न्याय झाला. मी म्हणाले, ज्या मुलीने एका स्पर्धेत तीन तिहेरी अ‍ॅक्सेल मारल्या, आधी कुठल्याच बाईने न केलेली गोष्ट केली, तिला तेवीस गुणांनी मागे टाकणं याला न्याय म्हणत नाहीत. पुढची कित्येक वर्षं मी हेच म्हणत राहिले. या लेखात मला ते विधान तपासायचं आहे, आणि त्यातलं निम्मं परत घ्यायचं आहे.

आधी माझ्या अधिकाराबद्दल. तो नाही. बर्फ मी पाहिला तो फ्रीजमध्ये आणि गोळेवाल्याच्या गाडीवर. नोकरी पतसंस्थेत हिशेब लिहिण्याची. पण या खेळाची गुणपत्रकं हाती लागली तेव्हा लक्षात आलं, की ही आपली खतावणीच आहे. प्रत्येक उडी, प्रत्येक गिरकी, प्रत्येक पदन्यास वेगळ्या ओळीत. पुढे तिची ठरलेली मूळ किंमत, त्यापुढे पंचांनी दिलेले दर्जाचे अधिक-उणे गुण, आणि खाली सादरीकरणाचे गुण वेगळे. आंतरराष्ट्रीय संघटना ही पत्रकं खुली करते. शब्दकोश शेजारी ठेवून मी नियमावल्या वाचल्या, चित्रफिती थांबवत थांबवत पाहिल्या आणि वह्या भरल्या. टीव्हीवर निवेदक ‘जादू’ म्हणतात तेव्हा ओळीत काय लिहिलं जातं, हे पाहायची सवय लागली ती तिथून.

वाचकांसाठी थोडं उड्यांविषयी. मोजल्या जाणाऱ्या मुख्य उड्या सहा: टो लूप, सालकाव, लूप, फ्लिप, लुट्झ आणि अ‍ॅक्सेल. पहिल्या पाचांत खेळाडू पाठमोरी उडते. एकटी अ‍ॅक्सेल समोर तोंड करून घ्यायची असते, पण उतरायचं मात्र पाठमोरंच, म्हणून तिच्यात अर्धा फेरा जास्त. तिहेरी अ‍ॅक्सेल म्हणजे साडेतीन फेरे. फ्लिप आणि लुट्झ दिसायला जुळ्या बहिणी. दोन्हींत पात्याच्या टोकाचे दाते बर्फात रोवून उडी घेतात. फरक दुसऱ्या पायाच्या धारेचा. बुटाच्या पात्याला दोन धारा असतात. फ्लिप आतल्या धारेवरून, लुट्झ बाहेरच्या. बाहेरच्या धारेवरून सरकत येताना शरीर एका दिशेला वळत असतं आणि फिरायचं असतं त्याच्या उलट. त्यामुळे पुष्कळ जणींचा पाय ऐन क्षणी आतल्या धारेवर कलंडतो आणि लुट्झची फ्लिप होऊन बसते. घरात बसून पाहणाऱ्याला यातलं काही कळत नाही. गुणपत्रकावर मात्र त्या ओळीपुढे खूण पडते.

आता हवेतला हिशेब. शाळेतलं पदार्थविज्ञान पुरेसं आहे. उडीची उंची ४० सेंटिमीटर धरली, तर हवेतला वेळ निघतो ०.५७ सेकंद. उंची ५० केली, तर ०.६४. म्हणजे पाव पटीने जास्त उंच उडूनही वेळ वाढला तो जेमतेम आठव्या हिश्शाने. फेरे तितकेच पुरे करायचे, तर दोनच वाटा. एक, वेग आणि पायाच्या ताकदीने हा थोडासा वेळ मिळवायचा. दोन, आहे त्याच वेळात जास्त जोरात फिरायचं. दुसरी वाट स्वस्त पडते, पण ती शरीराच्या आकारावर चालते. फिरणाऱ्या वस्तूचं वजन अक्षापासून जितकं दूर, तितकी ती फिरवायला जड, आणि हे अंतर हिशेबात वर्गाने येतं. दळताना खुंटा किती लांब बसवलाय यावर हाताला भार कसा बदलतो, हे ज्यांनी जातं ओढलंय त्यांना वेगळं सांगायला नको. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचे खांदे आणि नितंब अरुंद असतात. दोन वर्षांनी ते रुंदावतात. उडी तीच, मुलगी तीच, पण अक्ष बदललेला. या खेळातल्या वादांपैकी निम्मे या एका गोष्टीत आहेत, असं माझं मत झालं आहे.

हे वाद जुने आहेत. १९२० च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या थेरेसा वेल्डने साधी एकेरी सालकाव घेतली, तर पंचांनी तिला ‘हे बाईमाणसाला शोभत नाही’ अशी समज दिली, असं सांगतात. पुढे १९७२ साली ऑस्ट्रियाची बेआट्रिक्स शुबा सुवर्णपदक घेऊन गेली ती बर्फावर काटेकोर आकृत्या कोरण्याच्या जोरावर. मुक्त सादरीकरणात ती सातवी होती. त्यात पहिली आलेल्या जॅनेट लिनला कांस्य मिळालं. टीव्हीवरच्या प्रेक्षकाने आकृत्या पाहिलेल्याच नसत, त्याला हा निकाल समजेना. दुसऱ्याच वर्षी शॉर्ट प्रोग्रॅम आला, आकृत्यांचं वजन घटत गेलं आणि १९९० नंतर त्या संपल्या. मग उड्यांचं राज्य आलं. जपानच्या मिदोरी इतोने १९८८ मध्ये पहिली तिहेरी अ‍ॅक्सेल मारली होतीच. २००२ च्या सॉल्ट लेक सिटीत जोड्यांच्या स्पर्धेत पंचांच्या संगनमताचा गाजावाजा झाला, सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत मोडीत निघाली आणि आजची खतावणी सुरू झाली.

तर व्हँकुव्हर. एकूण गुण किम २२८.५६, माओ २०५.५०. फरक २३.०६. माझा आरोप असा होता, की हा फरक पंचांच्या लाडाचा आहे, सादरीकरणाच्या गुणांतून वाढवलेला. वही काढली. मुक्त फेरीत किमला सादरीकरणाचे ७१.७६, माओला ६७.०४. फरक ४.७२. योगायोग असा, की आदल्या शॉर्ट प्रोग्रॅममधला दोघींतला फरकही नेमका ४.७२ आहे. हिशेबनिसाला असा आकडा दोनदा दिसला की चुकून एकच नोंद दोनदा झाली असं वाटतं, म्हणून मी दोनदा ताळा केला. दोन्ही खरे आहेत. आता मुक्त फेरीतला सादरीकरणाचा फरक पूर्ण पुसून टाकू, दोघी सारख्याच धरू. तरी किम १८.३४ ने पुढे राहते. माझा आरोप इथेच पडला. उरलेला मोठा फरक तांत्रिक बाजूचा आहे: किम ७८.३०, माओ ६४.६८.

तिहेरी अ‍ॅक्सेल नसलेली मुलगी तांत्रिक बाजूत पुढे कशी? इथे दरपत्रक पाहावं लागतं. त्या हंगामात तिहेरी अ‍ॅक्सेलची मूळ किंमत होती ८.२. तिहेरी लुट्झची ६.०, तिहेरी टो लूपची ४.०. किमचं हत्यार म्हणजे लुट्झला लागून लगेच टो लूप, ही जोड १० गुणांची. माओचं शॉर्ट प्रोग्रॅममधलं हत्यार म्हणजे तिहेरी अ‍ॅक्सेलला जोडलेली दुहेरी टो लूप. तिची किंमत ८.२ अधिक १.३, म्हणजे ९.५. जी उडी तोवर जगात बोटांवर मोजण्याइतक्या बायकांनी मारली होती, ती असलेली जोड स्वस्त, आणि जी अनेक जणी मारत होत्या ती महाग. शिवाय त्या वेळच्या नियमाने शॉर्ट प्रोग्रॅममध्ये बायकांना सुटी अ‍ॅक्सेल दुहेरीच घ्यावी लागे, म्हणून माओला आपली तिहेरी जोडीतच बसवावी लागली. तिसरी गोष्ट, त्या काळी फेरा पाव वर्तुळाहून अधिक कमी पडला तर उडी सरळ एक इयत्ता खाली उतरवत. ५.५ ची तिहेरी फ्लिप १.७ ची दुहेरी होई. मुक्त फेरीच्या उत्तरार्धात माओची एक फ्लिप अशीच उतरवली गेली, आणि एक टो लूप तिहेरीऐवजी एकेरीच झाली.

म्हणजे अन्याय होता, पण मी दाखवत होते तिथे नव्हता. पंचांनी मापात पाप केलं नाही. वजनंच तशी होती. आणि संघटनेलाही ते उमगलं असावं, कारण लगेच पुढच्या हंगामात तिहेरी अ‍ॅक्सेल ८.५ झाली आणि थोडक्यात कमी पडलेल्या उडीला मूळ किमतीच्या ७० टक्के मिळू लागले.

हे झालं माझ्या बाजूचं. भावाच्या बाजूचं मी बरीच वर्षं पाहिलंच नव्हतं. किमच्या ७८.३० पैकी १७.४० हे दर्जाचे अधिक गुण आहेत. ती चित्रफीत आवाज बंद करून पाहा. लुट्झच्या आधी ती वेग कमी करत नाही. बहुतेक जणी मोठ्या उडीआधी एका लांब सरळ रेषेत पाठमोऱ्या सरकत राहतात, खांद्यावरून मागे पाहतात, जणू नदीत उडी मारण्याआधी पाण्याचा अंदाज घेताहेत. किम त्याच वेगात येते, धार बाहेरचीच राहते, आणि उतरल्यावर वेग जवळपास तितकाच उरतो. ती पहिल्या वाटेची खेळाडू आहे, वेगाने वेळ मिळवणारी. माओ त्या वयात दुसऱ्या वाटेवर होती: हलकी, चपळ, हवेत अतिशय वेगाने फिरणारी. तिची लुट्झ आतल्या धारेवर कलंडायची, सालकाव बिचकत यायची. व्हँकुव्हरच्या मुक्त रचनेत तिने दोन्ही घेतल्याच नाहीत. सहा उड्यांपैकी दोन गाळून दोन अ‍ॅक्सेलवर सगळी भिस्त, असं ते बांधकाम होतं.

रचनेचं म्हणाल तर मी अजूनही माओच्या बाजूला आहे. किमने मुक्त फेरीसाठी गर्श्विनचा पियानो कॉन्चेर्तो घेतला होता. सुरेख, प्रसन्न, कुणालाही आवडेल असा. माओने रखमानिनोवचं ते घंटानादासारखं प्रेल्यूड घेतलं: जड, काळोखं, एकोणीस वर्षांच्या मुलीच्या अंगाला न शोभणारं असं पुष्कळांनी म्हटलं. मला तीच निवड धीट वाटते. पण धीट निवड आणि नीट बांधणी या वेगळ्या गोष्टी. दोन्ही अ‍ॅक्सेल सुरुवातीलाच, पाय ताजे असताना. नंतर संगीत चढत जातं आणि उड्या उतरत जातात. घंटा सर्वांत मोठ्याने वाजतात तेव्हा बर्फावर तेवढं मोठं काही घडत नाही. त्या संगीताशी हे नकळत केलेलं वैर होतं.

उडी कुठे ठेवायची, हा प्रश्न २०१८ मध्ये प्योंगचांगला अगदी उघडा पडला. तेव्हाच्या नियमाने कार्यक्रमाच्या उत्तरार्धातल्या उड्यांना मूळ किमतीवर दहा टक्के जास्त मिळत, कारण दमलेल्या पायांनी उडणं कठीण. पंधरा वर्षांच्या अलिना झागितोवाने सातही उड्या उत्तरार्धात ठेवल्या. तिची लुट्झ-लूप ही जोड एरवी ११.१ ची, ती १२.२१ ची झाली. तिची ज्येष्ठ सहकारी येवगेनिया मेदवेदेवा हिला मुक्त फेरीत तिच्याइतकेच, नेमके १५६.६५ गुण मिळाले आणि शॉर्ट प्रोग्रॅममधल्या १.३१ च्या फरकाने तिचं सुवर्ण गेलं. त्यावर जगभर टीका झाली: पूर्वार्ध रिकामा, उत्तरार्धात उड्यांची गर्दी, ही कला नव्हे, ही तर वजाबाकी-बेरीज.

मला ही टीका अर्धवट वाटते. ख्यालात द्रुत ताना सुरुवातीला कुठे येतात? विलंबितात राग उलगडतो, बढत होते, आणि मग तानांना जागा मिळते. तानबाजी मागे ठेवली म्हणून गायकाला कुणी हिशेबी म्हणत नाही. प्रश्न एवढाच, की आधी बढत झाली का. शिवाय झागितोवाचं संगीत होतं मिंकुसच्या ‘डॉन किहोते’ या बॅलेचं, आणि त्या जातीच्या बॅलेत शेवटच्या कोडामध्येच गिरक्यांचा पाऊस पडतो. म्हणजे निवड संगीताला धरून होती. मग खटकतं काय? मी पूर्वार्धाची दोन मिनिटं पुन्हा पुन्हा पाहिली. हात हलतात, पाय हलतात, पदन्यास आहे, गिरक्या आहेत. पण पुढे येणाऱ्या उड्यांची चाहूल त्यात कुठेच नाही. नंतरच्या उड्या त्यातून उगवत नाहीत, त्या वाट पाहत थांबलेल्या असतात. बढत नसलेली तान, एवढाच माझा आक्षेप. त्या मुलीच्या छातीचं मात्र कौतुक करायला हवं: पहिल्या लुट्झला लूप जोडता आली नाही, तर तिने ती पुढच्या लुट्झला जोडून घेतली. दहा-पंधरा सेकंदांत, धावत्या पायांनी, सगळा हिशेब नव्याने मांडून.

पुढच्या हंगामापासून मुक्त फेरीत ही दहा टक्के वाढ फक्त शेवटच्या तीन उड्यांना ठेवली गेली. अवघ्या दीड वर्षाच्या आत झागितोवानेही स्पर्धा थांबवल्या. तेव्हा ती सतरा वर्षांची होती, आणि ऑलिंपिक व जागतिक अशी दोन्ही विजेतेपदं तिच्याकडे होती.

आणि मग बीजिंग, २०२२. यावर थोडक्यातच लिहिते, कारण तिथे घडलेलं वाचकांना बातम्यांतून ठाऊक आहे आणि मला त्या चित्रफिती पुन्हा लावायला आवडत नाही. चौहेरी लुट्झची किंमत ११.५, तिहेरीची ५.९. दरपत्रकात जवळजवळ दुप्पट मिळत असेल तर प्रशिक्षक काय शिकवणार? अलेक्झांड्रा त्रुसोवाने एका कार्यक्रमात पाच चौहेरी उड्या घेतल्या, मुक्त फेरी जिंकली, आणि एकूण दुसरी आली म्हणून रडली. आना श्चेर्बाकोवा दोन चौहेरी फ्लिप मारून सुवर्ण घेऊन गेली आणि जिंकल्यावर बराच वेळ एकटीच उभी होती. पंधरा वर्षांची कामिला वालियेवा उत्तेजक चाचणीच्या वादात सापडूनही खेळवली गेली, पडत राहिली, चौथी आली. पुढे तिचा निकालच रद्द झाला. तिघी एकाच प्रशिक्षिकेच्या. त्याच वर्षी वयाची अट पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरावर नेण्याचं ठरलं.

वयाच्या या अटीवर माझ्या भावाचा आक्षेप आहे, आणि तो मला सहज खोडता येत नाही. तो म्हणतो, ज्या वयात शरीर साथ देतं त्या वयात का उडू नये? आपण दीपा कर्माकरला टाळ्या वाजवल्याच ना? रिओमध्ये तिने प्रोदुनोव्हा व्हॉल्ट मारला, ७ गुणांच्या काठिण्याचा, मानेवर पडली तर काय होईल हे माहीत असून. मी त्याला म्हणाले, दीपा तेव्हा तेवीस वर्षांची होती, तिने स्वतः निवडलं. पंधरा वर्षांची मुलगी निवडते ते कुणाच्या दरपत्रकातून? यावर तो गप्प बसला, पण पटलंय असं नाही. खरं सांगायचं तर दीपानेही ती उडी दरपत्रक पाहूनच निवडली असणार. आपल्याकडे साधनं तोकडी, मग काठिण्याच्या गुणांतूनच वर यावं लागतं. तेव्हा माझं उत्तर वाटतं तितकं भक्कम नाही.

अटीपेक्षा मला उदाहरणं जास्त समजतात. बीजिंगला तिसरी आलेली जपानची काओरी साकामोतो. तिच्याकडे चौहेरी उडी नव्हती, तिहेरी अ‍ॅक्सेलही नव्हती. तिच्या कार्यक्रमाची सुरुवात दुहेरी अ‍ॅक्सेलने होई, मूळ किंमत ३.३. दरपत्रकात किरकोळ चीज. पण ती उडी पाहावी. इतक्या वेगात येते की आता कठड्याला धडकणार असं वाटतं, मग उंच आणि लांब जाते, आणि उतरून तशीच निघून जाते. उडी संपली कुठे आणि पुढचं पाऊल पडलं कुठे, सांगता येत नाही. २०२२, २०२३, २०२४ असं सलग तीन वर्षं तिने जागतिक विजेतेपद घेतलं. बायकांत हे १९६६ ते ६८ च्या पेगी फ्लेमिंगनंतर कुणाला जमलं नव्हतं. दुसरं उदाहरण रशियाच्या येलिझावेता तुक्तामिशेवाचं. ती २०१५ ची जगज्जेती. मधली काही वर्षं मागे पडली, आणि मग भरलेल्या शरीराने, ताकदीच्या जोरावर तिहेरी अ‍ॅक्सेल मारत परत आली. २०२१ च्या जागतिक स्पर्धेत, चोवीस वर्षांची असताना, चौहेरी उड्यांवर वाढलेल्या दोन किशोरींच्या मधोमध ती दुसरी उभी होती. पहिली वाट लांबची असली तरी ती रस्ता संपेपर्यंत चालते, याला याहून चांगला पुरावा माझ्या वहीत नाही.

आता पुन्हा माओकडे, कारण तिचं मी अर्धंच सांगितलं. व्हँकुव्हरनंतर, रौप्यपदक गळ्यात असताना, तिने नोबुओ सातो या वयस्क प्रशिक्षकाकडे जाऊन उड्या मुळापासून नव्याने शिकायला घेतल्या. कळता गवई पुन्हा सरगम घोटायला बसतो, तसं. त्यात तिचे हंगामच्या हंगाम वाईट गेले. २०१४ च्या सोचीत शॉर्ट प्रोग्रॅममध्ये ती कोसळली, ५५.५१ गुण, सोळावा क्रमांक. पदकाची आशा संपली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा रखमानिनोव घेऊन आली, या वेळी दुसरा पियानो कॉन्चेर्तो. तिहेरी अ‍ॅक्सेल, फ्लिपला जोडलेली लूप, आणि व्हँकुव्हरला गाळलेल्या लुट्झ व सालकाव या दोन्ही. सहाही प्रकारच्या मिळून आठ तिहेरी उड्या तिने घेतल्या. लुट्झपुढे धारेची खूण पडलीच, काही फेरे थोडे कमी भरले, पत्रकात ते सगळं आहे. १४२.७१ गुण, त्या फेरीत तिसरी, एकूण सहावी. पण या वेळी उड्या पुढे लोटलेल्या नव्हत्या, चार मिनिटांत पसरलेल्या होत्या, आणि शेवटच्या पदन्यासात संगीत चढलं तेव्हा तीही त्याच्याबरोबर चढत होती. संपल्यावर ती आकाशाकडे पाहून रडली.

गेल्या महिन्यात मी हे सगळं लिहून वहीची पानं भावाला पाठवली: तांत्रिक गुणांची बेरीज, ४.७२ चा योगायोग, आणि तळाशी ‘पंचांविषयीचं माझं म्हणणं चूक होतं’ अशी सही. रात्री त्याचा फोन आला. मला वाटलं आता पंधरा वर्षांची व्याजासकट वसुली होणार. तो म्हणाला, “ताई, तुझ्या कोष्टकात एक रकाना रिकामा आहे. किमच्या मुक्त फेरीत लूप कुठेय?”

मी म्हटलं, “नाहीच आहे. तिला तिहेरी लूप कधी भरवशाची झालीच नाही, म्हणून तिने गाळली. माओने दोन गाळल्या, हिने एक.”

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “हे तू इतकी वर्षं भांडणात एकदाही काढलं नाहीस.”

“मला आत्ताच दिसलं,” मी म्हणाले.